अहवालाचा अर्थ लावून देणारं सेंटर : डोंबिवलीतल्या एका रेमेडियल शिकवणीबद्दल

मुलाचा ‘एलडी’चा (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) अहवाल नुकताच हातात पडलाय आणि आता याचं करायचं काय, अशा विचारात असलेल्या आईबाबांसाठी हे लिहितेय. डोंबिवली पूर्वेला एक विशेष शिक्षिका स्वतःचं छोटं रेमेडियल, म्हणजे मुलाची अडचण ओळखून वेगळ्या पद्धतीनं शिकवणारं, सेंटर चालवतात. नाव आणि नंबर मी देत नाहीये, कारण ताईंनीच तशी विनंती केली. त्या एकट्याच शिकवतात, मदतीला फक्त एक सहायक मुलगी आहे, आणि आहेत त्या मुलांनाच वेळ पुरत नाही. पण त्यांची जी पद्धत आहे ती कुठल्याही गावातल्या चांगल्या विशेष शिक्षकाकडे मागता येईल. ती नक्की काय आहे हे कळावं म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी लेक आठवीत आहे. मराठी माध्यम, अनुदानित शाळा. तोंडी विचारलं तर इतिहासाचा धडाच्या धडा सांगते, तोच लिहायला दिला की अर्धं पान भरता भरता तास संपतो. पाचवीपासून शाळेतून एकच निरोप यायचा, ‘लक्ष देत नाही, घरी सराव घ्या.’ सराव रोज होत होता. शेवटी एका नव्या वर्गशिक्षिकेनं तपासणी करून घ्या असं स्पष्ट सांगितलं, आणि मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात आमची तपासणी झाली. डोळे, कान, बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हातात इंग्रजीतला अहवाल आला. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना जेवढं सांगता येणं शक्य होतं तेवढं त्यांनी सांगितलं. बाकीचं आमच्यावर.

सासूबाईंनी त्यातलं ‘टू ग्रेड्स बिलो’ एवढंच ऐकलं आणि नातीला आता सहावीत बसवणार म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. शेजारच्यांनी ‘मतिमंद शाळेत घालणार का?’ असं विचारलं. हे मुद्दाम लिहितेय. अहवाल समजला नाही की घरात काय काय होऊ शकतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक.

सेंटरची खरी ताकद पहिल्या बैठकीत दिसते. ही बैठक फक्त पालकांची. मुलाला आणायचं नाही. दीड तास, आठशे रुपये. ताई अहवाल टेबलावर ठेवतात, पेन्सिल हातात देतात आणि म्हणतात, ‘जिथं कळत नाही तिथं खूण करा.’ आमच्या दोघांच्या मिळून सगळ्या पानांवर खुणा झाल्या. मग त्या एकेक ओळ घेत गेल्या.

बुद्ध्यांक आधी का बघतात, तर वाचता न येण्याचं कारण बुद्धी कमी असणं नाही, याची खात्री करायला. त्यासाठी साधारण ८५ च्या वर आकडा लागतो. हिचा त्याहून बराच वर होता. अहवालाच्या पहिल्याच पानावर होता, पण घरात कुणाचीच नजर त्यावर थांबली नव्हती. डोळे-कान का तपासले, तर दिसत किंवा ऐकू येत नसल्यानं वाचन अडलेलं नाही ना, ते पाहायला. पुढची वाचन-लेखन-गणिताची चाचणी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली. ‘दोन इयत्ता मागे’ म्हणजे या चाचणीतलं तिचं वाचन-लेखन सहावीच्या मुलाच्या जवळ जातं, इतकंच. वर्ग बदलण्याचा त्यात काहीही संबंध नाही. हे वाक्य ताईंनी मला सासूबाईंसाठी मराठीत कागदावर लिहून दिलं. असा विचार करणारी माणसं विरळा.

मग डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अडचण, डिस्ग्राफिया म्हणजे लेखनातली, डिस्कॅल्क्युलिया म्हणजे गणितातली, आणि कायद्यात या सगळ्यांना मिळून ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणतात. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हतीच, तिथं सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं प्रकार २१ केले, त्यात ही आली. एवढं समजल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण शाळेत जाऊन दया मागणार नाही आहोत.

पण त्या बैठकीतलं सर्वांत मोलाचं पुढेच आहे. शाळेत आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे सरसकट ‘सवलत’ म्हणतात. ताई तीन वेगळे रकाने आखतात. पहिल्यात ज्या सोयींनी अभ्यास तोच राहतो, फक्त तो दाखवायची रीत बदलते : जादा वेळ, लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणारा माणूस, शुद्धलेखनाचे गुण न कापणं. दुसऱ्यात ज्यांनी अभ्यासच कमी किंवा वेगळा होतो : एखादी भाषा सोडणं, दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घेणं. तिसऱ्यात शिकवणं, म्हणजे रेमेडियल. पहिल्या रकान्यातलं जितकं मिळेल तितकं लगेच घ्या, तिसरं रोज चालू ठेवा, आणि दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीआधी चार महिने विचार करा, असं त्यांचं स्पष्ट मत.

आमच्या शाळेनं नेमकं उलट सुचवलं होतं. गणित सोडून टाका, टक्के वाढतील, मूल सुटेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण लेकीचं गणित मुळात कच्चं नाही. अडतं ते शाब्दिक उदाहरण वाचताना. प्रश्न वाचून दाखवला की तिचं उत्तर बरोबर येतं. ताईंनी आमच्यासमोर उदाहरणांच्या दोन सारख्या चिठ्ठ्या काढल्या, एक तिला वाचायला दिली, दुसरी स्वतः वाचून दाखवली, आणि फरक डोळ्यांसमोर ठेवला. दहावीला सातवीचं गणित घेतलं असतं तर पुढं गणित लागणाऱ्या सगळ्या वाटा अवघड झाल्या असत्या, आणि तेही वाचनातल्या अडचणीपायी. ज्या मुलाला खरोखर आकड्यांचीच अडचण आहे त्याच्यासाठी ही सोय वरदान आहे, यात शंका नाही. माझ्या लेकीसाठी ती नव्हती. या एका निर्णयासाठीसुद्धा मी त्यांची फी दहा वेळा भरली असती.

आता प्रत्यक्ष शिकवणं. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, एका वेळी एकच मूल. तासाला पाचशे रुपये. आमच्यासारख्या पतपेढीत नोकरी करणाऱ्या घराला हा खर्च जाणवतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

माझ्या लेकीचे सगळे घोळ देवनागरीतले होते. घ-ध, भ-म, ढ-द यांची अदलाबदल, पहिली-दुसरी वेलांटी, आणि सगळ्यांत जास्त ‘र’. ‘गर्व’ आणि ‘ग्रह’ यांत र कुठं जातो, ‘राष्ट्र’मधला दुसरा र असा टोपीसारखा उलटा का दिसतो, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शुद्धलेखनाची वही लाल शाईनं भरत होती तेवढी. ताईंनी स्टीलच्या ताटात रवा पसरला, तिला डोळे मिटायला लावले आणि शब्द तोडून म्हणायला सांगितला. ‘ग, र्, व. र आधी बोललीस ना, मग तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आता ग्रह म्हण. ग् आधी, र नंतर. मग तो पायात.’ बोटानं रव्यात लिहायचं, पुसायचं, पुन्हा बोलून लिहायचं. एका तासात तीन शब्द. सुरुवातीला मला ते फार सावकाश वाटायचं. पण त्यानंतर पर्वत, प्रवास, सूर्य, चक्र या शब्दांत तिचा र चुकत नाही. पाठ केलेलं नाही, नियम कळलेला आहे.

पहिल्या वेलांटीचं कारणही मला तिथंच कळलं. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, पण तिचा उच्चार मात्र नंतर. ज्या मुलाचा मेंदू आधीच आवाज आणि आकार यांचा क्रम लावताना दमतो, त्याला हा उलटा क्रम किती छळत असेल! ताई पहिले काही आठवडे अक्षर आधी लिहू देतात, वेलांटी मागून लावू देतात. शाळेत याला चूक म्हणतील. इथं ती एक पायरी आहे.

इंग्रजीतून आलेल्या पद्धती जशाच्या तशा न वापरता मराठीसाठी स्वतः साहित्य तयार केलंय, हे मला या सेंटरचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य वाटतं. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच ठिकाणी फोन केला तेव्हा ‘इंग्लिश मीडियम आहे का?’ हाच पहिला प्रश्न आला होता. मराठी माध्यमातल्या मुलांनी जायचं कुठं?

संख्यांचंही तसंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीनं ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. ते पुस्तक करणाऱ्या, गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीवर नको नको ते बोललं गेलं. ताईंकडे डिस्कॅल्क्युलिया असलेला एक चौथीतला मुलगा येतो. ‘त्रेसष्ट’ ऐकलं की तो ३६ लिहायचा, कारण कानावर आधी तीन येतात. त्याला ताई आधी ‘साठ तीन’ म्हणायला लावतात, आकडा बरोबर आला की मग ‘त्रेसष्ट’. त्या मुलाच्या आईनं मला हे बाहेरच्या बाकावर सांगितलं. ज्यांनी तेव्हा मराठी भाषा बुडाली म्हणून आरडाओरडा केला त्यांनी अशा एखाद्या मुलाशेजारी तासभर बसावं, असं मला मनापासून वाटतं.

सेंटरमध्ये प्रत्येक मुलाची एक निळी फाईल असते. तिच्या पहिल्या पानावर वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, ज्याला सगळे आयईपी म्हणतात. हा शब्द हल्ली कुठल्याही सेंटरच्या पत्रकावर दिसतो, पण आत काय लिहिलंय ते बघायला हवं. ‘वाचन सुधारणे’, ‘आत्मविश्वास वाढवणे’ अशी वाक्यं असतील तर तो कागद निरुपयोगी आहे. आमच्या फाईलमधलं एक उद्दिष्ट असं : ‘डिसेंबरअखेर पाचवीच्या पुस्तकातला न पाहिलेला शंभर शब्दांचा उतारा आठपेक्षा कमी चुकांत मोठ्यानं वाचेल. तपासणी दर पंधरवड्याला, नोंद ताईंची, सही आईची.’ म्हणजे काय वाचायचं, किती चुका चालतील, कधीपर्यंत आणि मोजणार कोण, चारही गोष्टी आल्या. डिसेंबरमध्ये अकरा चुका झाल्या. ताईंनी तसंच लिहिलं, कारण खाली नोंदवलं (चुका जोडाक्षरांवर) आणि उद्दिष्ट फेब्रुवारीपर्यंत वाढवलं. खोटी प्रगती दाखवली नाही, हे मला फार आवडलं.

शाळेशी बोलायची तयारीही त्या करून घेतात. आमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की सवलती दहावीलाच, आत्तापासून कशाला. ताईंनी एका पानाचं पत्र लिहायला मदत केली. त्यात २०१६ च्या कायद्यातल्या कलम १६ चा उल्लेख होता, की शासनमान्य शाळेनं अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य ते शैक्षणिक उपाय करायचे आहेत, आणि कलम १७ चा, ज्यात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भांडणाची भाषा एका ओळीतही नव्हती. शेवटी चारच मागण्या : घटक चाचणीपासूनच तासाला २० मिनिटं जादा, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, भाषेचे पेपर सोडून शुद्धलेखनाचे गुण न कापणं, आणि फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी फोटो किंवा झेरॉक्स. तीन मान्य झाल्या. भाषेबाहेरच्या शुद्धलेखनाचं अजून प्रत्येक शिक्षकाच्या मनावर आहे. पण वर्गशिक्षिका आता स्वतःहून प्रश्न वाचून दाखवतात आणि सहामाहीला लेकीनं विज्ञानाचा पेपर पहिल्यांदा पूर्ण सोडवला.

सवलत घेतली तर बाकीची मुलं चिडवतील, ही भीती आम्हालाही होती. ताईंनी त्यावर उपदेश केला नाही, लेकीशीच बोलल्या. तिला स्वतःची अडचण दोन वाक्यांत सांगता यावी म्हणून सराव घेतला. ‘मला वाचायला वेळ लागतो, समजायला लागत नाही.’ हे तिचं वाक्य, तिनंच तयार केलेलं.

उणिवाही सांगायला हव्यात. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिव्यांग मुलांसाठीच्या जागेत हे खटकतं. एका आईला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उचलून जिना चढताना मी पाहिलं, आणि ताईंशी त्याबद्दल बोलले. आता त्या मुलाचा तास त्या त्याच्या घरी जाऊन घेतात, पण तळमजल्यावर जागा शोधायलाच हवी. व्हॉट्सअॅपवर उत्तर यायला कधी कधी दोन-तीन दिवस जातात. मे महिन्यात सेंटर पूर्ण बंद असतं आणि तेवढ्या काळासाठी घरी करायला दिलेलं साहित्य अपुरं वाटलं, मोठ्या सुट्टीत मुलांचं बरंच विसरायला होतं. गट-शिकवणी नाही, त्यामुळे फी कमी होण्याचा मार्ग नाही. दोन घरांना त्या निम्म्या फीत शिकवतात असं नंतर कळलं, पण हे कुठं लिहिलेलं नाही. ज्यांना विचारायला संकोच वाटतो ते परत जात असणार. दारावर पाटी लावा, असं मी त्यांना सुचवलंय.

ऑटिझम किंवा वाचादोष असेल तर त्या ‘हे माझं क्षेत्र नाही’ असं पहिल्याच फोनवर सांगतात आणि स्पीच थेरपिस्टकडे किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात. मला हा गुण वाटतो. आम्ही आधी ज्या एका ठिकाणी गेलो होतो तिथं एकाच छताखाली सगळं बरं करून देतो असा दावा होता, शिवाय तीन महिन्यांत डिस्लेक्सिया ‘पूर्ण नाहीसा’ करण्याचं पॅकेज. वाचन नक्की सुधारतं, खूप सुधारतं, पण ही औषधानं जाणारी व्याधी नाही. असं पॅकेज कुणी विकत असेल तर उठून यावं.

दुसरीकडे कुठं चौकशी करत असाल तर एवढं विचारा : विशेष शिक्षक म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची (विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था) नोंदणी आहे का, आणि सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक, काय? आमच्या ताईंनी तो भिंतीवर फ्रेम करून लावलाय. विचारल्यावर कुणी रागावलं तर तेही उत्तरच समजा. खासगी फी झेपत नसेल तर शासनाच्या समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक आणि समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी जोडलेले असतात, शहरात पालिकेच्या शिक्षण विभागात विचारावं. त्यांच्याकडून काहीही फी लागत नाही. हे मला शाळेनं नव्हे, ताईंनी सांगितलं, आणि आपलं एक गिऱ्हाईक कमी होईल याची पर्वा न करता सांगितलं.

सवलतींसाठी लागणाऱ्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राबद्दलही एक गोष्ट. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांनुसार ते आठव्या वर्षापासून मिळायचं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागायची. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्यात, तेव्हा आपल्या मुलाला नेमकं काय लागू आहे ते प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयातच विचारा, आणि नववीत असतानाच विचारा. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आमच्यासाठी ते वाशीला. तो ऐन वेळी करायला गेलं की एखादा कागद हमखास राहतो. ताई नववीच्या दिवाळीत सगळ्या पालकांना एकत्र बसवून ही फाईल लावून घेतात, लेखनिक लागणार असेल तर खालच्या इयत्तेतलं मूल कोण, त्याच्या आईबाबांना विचारलं का, इथपर्यंत.

मुलाच्या परीक्षेला एकच वर्ष उरलंय आणि फक्त प्रमाणपत्र हवंय, अशांना इथं यायची गरज नाही. ज्यांना आठवड्यातले तीन दिवस आणणं-नेणं जमणार नाही, त्यांनीही निदान पहिली दीड तासाची बैठक घ्यावी. तेवढीच बैठक घेता येते, पुढं शिकवणी लावायची सक्ती नाही. आईबाबा दोघांनीही जा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही न्या, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. सोबत मूळ अहवाल, गेल्या दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका आणि मुलाची कुठलीही एक भरलेली वही. स्वच्छ वही नको, रोजचीच न्या. ताई आधी तीच मागतात.